अकाली पर्जन्य आणि कर्माचा हिशेब

धर्मकृत्याच्या समाप्तीस लोककल्याणाची जी प्रार्थना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते, तिच्यातील पर्जन्याविषयीचे मागणे काळाविषयी आहे, परिमाणाविषयी नाही. पाऊस पुष्कळ पडावा असे त्या प्रार्थनेत कोणी म्हणत नाही. तो आपल्या वेळी पडावा, एवढेच म्हणतो. ज्या देशात वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने त्या शिलकीवर काढावे लागतात, त्या देशातील मनुष्याने मागण्याची संधी मिळाली असता विपुलतेऐवजी समयोचितता मागावी, यात शेतीच्या दीर्घ अनुभवाइतकीच एक खोल तत्त्वदृष्टीही आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. वैदिक ऋषींनी ज्या विश्वव्यवस्थेला ऋत म्हटले, तिचे सामान्य माणसाला दिसणारे रूप म्हणजे ऋतूंचे यथाक्रम येणे; आणि त्या क्रमात ग्रीष्मालाही स्वतःचे असे काम नेमून दिलेले आहे. नांगरलेल्या जमिनीने तापावे, ढेकळांनी फुटावे, मातीतील किडींच्या कोषांनी उन्हाने मरावे, आणि वर्षाची बेगमी म्हणून जे जे साठवायचे ते ते सुकावे, ही सारी ग्रीष्माची कामे होत, आणि ती दुसऱ्या कोणत्याही ऋतूकडून करून घेता येत नाहीत.

सन २०२५ च्या मे महिन्यात ही कामे झाली नाहीत. त्या महिन्यात भारतभर सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा नेहमीच्या दुपटीहून अधिक असून १९०१ पासूनच्या नोंदींत मे महिन्यासाठी इतका मोठा आकडा दुसरा नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र बळावत जाऊन २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, आणि दोनच दिवसांनी, म्हणजे २६ मे रोजी, तो मुंबईत पोहोचला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो तेथे आल्याची पूर्वीची नोंद नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला, आणि १९१८ सालच्या मे महिन्याचा २७९.४ मिलिमीटरांचा उच्चांक एकशे सात वर्षांनी मोडला. पुढे महिनाअखेरीस मोसमी वाऱ्यांची चाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत थबकलेलीच राहिली. म्हणजे जो पाऊस नको तेव्हा धावून आला, तोच हवा तेव्हा अडून बसला.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय, तो एका आमसुलावरून कळतो. कोकणात वैशाखात रातांबे पिकतात. ते फोडून बिया वेगळ्या करायच्या, साल उन्हात घालायची, सुटलेल्या रसात मीठ मिसळून त्याची पुटे वाळत्या सालीला पुनःपुन्हा द्यायची, आणि दर पुटानंतर पुन्हा कडकडीत ऊन द्यायचे. तेव्हा कोठे काळसर, चिवट, वर्षभर टिकणारे आमसूल हाती येते. या साऱ्या क्रियेत ना यंत्र, ना इंधन. जे काही भांडवल लागते ते उन्हाचे. ते ऊन ऐन हंगामात दोन आठवडे मिळाले नाही की झाडाखाली पडलेले फळ तेथेच कुजते, आणि जे फोडून झाले असेल त्याच्या सालीवर बुरशीची पांढरी साय धरते. तिकडे घाटावर, नाशिक आणि नगर जिल्ह्यांत, उन्हाळी कांदा काढून पातीसकट शेतातच सुकत घालतात आणि मगच चाळीत भरतात. भिजलेला कांदा चाळीत भरला तर शेजारच्या कोरड्या कांद्यालाही तो सोबत नेतो. आणि मशागतीला हवा असतो तो वाफसा: माती ओली तर असावी पण औताला चिकटू नये, अशी नेमकी स्थिती. सतत भिजणाऱ्या रानात ती येतच नाही. पेरणीच्या आधीच पेरणीचा घात होतो.

हे कोणी केले, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेही होता, आणि त्यांनी तो राज्यकारभारात आणि तत्त्वज्ञानात दोन्हीकडे आपापल्या रीतीने सोडवून ठेवला होता. महसुली व्यवहारात रयतेवरील संकटांची अस्मानी आणि सुलतानी अशी वाटणी असे, आणि कौलांत व इजाऱ्यांच्या करारांत या संकटांपुरती सूट राखून ठेवलेली असे. अस्मानी म्हणजे आकाशातून आलेले, ज्याबद्दल कोणाकडे फिर्याद नेता येत नाही. सुलतानी म्हणजे राजाच्या किंवा फौजेच्या हातून झालेले, ज्याबद्दल निदान मनातल्या मनात तरी कोणाला दोषी धरता येते. तत्त्ववेत्त्यांनी हीच वाटणी अधिक सूक्ष्मपणे केली आणि मनुष्याच्या तापांचे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन वर्ग केले. अतिवृष्टी, अवर्षण, वीज, गारा या सर्वांना शेवटच्या वर्गात जागा मिळाली. या वाटणीचा मोठा आधार होता. ज्या दुःखाचा कर्ता कोणी मनुष्य नाही, ते सोसण्याची रीत निराळी असते: त्यात अपमान नसतो, सूडबुद्धी नसते, आणि शेजाऱ्याचेही तेच झाले असल्यामुळे एकटेपणही नसते. प्रश्न असा आहे की मे महिन्यात कांदा सडवणारा पाऊस आज या वर्गात बसतो काय?

येथे शास्त्राची साक्ष काढली पाहिजे, आणि साक्षीदार जेवढे सांगतो तेवढेच लिहून घेतले पाहिजे. हवेत सोडलेल्या कर्बवायूने पृथ्वीचे तापमान वाढेल, हे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि तापलेला अरबी समुद्र ते बाष्प पुरवण्यास सिद्धच असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तीर्ण अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा पुरवठा हे कारण आहे. परंतु हे निरीक्षण मोसमी पावसाच्या चार महिन्यांचे आहे, मे महिन्याचे नव्हे. किनाऱ्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होणे ही तर फार जुनी गोष्ट. १९१८ साली कुलाब्याला मे महिन्यात तो जलप्रलय झाला तेव्हा हवेतील कर्ब आजच्या मानाने पुष्कळच कमी होता, आणि त्याच वर्षी पुढचा मोसमी पाऊस दगा देऊन देशात भीषण दुष्काळ पडला. म्हणून अमुक एक पाऊस मनुष्याने पाडला असे म्हणणे हा काकतालीय न्याय होईल: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही.

तरीही शास्त्र येथे थांबलेले नाही. २००३ सालच्या उन्हाळ्यात युरोपात जी प्राणघातक उष्णता झाली, तिच्याविषयी पुढच्याच वर्षी ब्रिटिश संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की मनुष्याच्या कृतीने तशा उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत अनेक पूर, अनेक वादळे आणि अनेक उन्हाळे याच पद्धतीने तपासले गेले. काहींत मनुष्याचा हात ठळक दिसला, काहींत अंधुक, काहींत दिसलाच नाही. नैयायिकांनी कारण त्याला म्हटले, जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि ज्याच्यावाचून कार्याची उपपत्ती लागत नाही. हे नवे कारण त्या व्याख्येत पुरते बसत नाही, कारण ते कार्य घडवीतच नाही, घडण्याची संधी वाढवते आणि घडल्यावर त्याचे वजन वाढवते. मला वाटते, आपल्या विचाराला या प्रकारच्या कारणाची सवय करून घेतली पाहिजे. ‘हा पाऊस निश्चित त्यामुळेच’ असे म्हणणारा सत्य सोडतो, आणि ‘पाऊस काय, पूर्वीही पडत होता’ असे म्हणणारा त्याहून अधिक सत्य सोडतो. कारण पूर्वी पडणाऱ्या पावसाच्या पाठीशी हे तापलेले आकाश नव्हते.

आता ज्या स्थळी हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, तेथे येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक गंभीर आक्षेप विचारात घेतला आहे. जगात कोणी सुखी, कोणी अत्यंत दुःखी. तेव्हा जगाचा कर्ता ईश्वर मानला तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो. यावर आचार्य शंकरांचे उत्तर असे की ईश्वर प्राण्यांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून वैषम्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. आणि हे समजावण्यासाठी त्यांनी दृष्टान्त घेतला तो पर्जन्याचा. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, तो दोघांचे साधारण कारण. एकाचा भात होतो आणि दुसऱ्याचे जव होतात ते ज्याच्या त्याच्या बीजातील सामर्थ्यामुळे. निःपक्षपाताचे उदाहरण हवे होते तेव्हा आचार्यांना साऱ्या सृष्टीत पावसाहून अधिक निर्मळ उदाहरण सापडले नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा मनात आणण्यासारखी आहे. राजा पक्षपाती असू शकतो, पिता असू शकतो, गुरूही असू शकतो. मेघ मात्र कोणाचा नसतो.

तो मेघ आज कोणाचाच नाही असे म्हणता येईल काय? वेदान्ती म्हणेल की दृष्टान्त एकदेशी असतो, त्यातील एक अंशच घ्यायचा असतो, आणि पर्जन्याचे स्वरूप बदलले म्हणून ईश्वराच्या निःपक्षपाताला बाध येत नाही. तर्क म्हणून हे मला मान्य आहे. परंतु श्रद्धा केवळ तर्कावर उभी नसते. ती ज्या प्रतिमांवर उभी असते त्यांत पावसाची प्रतिमा आपल्या देशात सर्वांत खोल गेलेली आहे. शेतकऱ्याने आकाशाकडे पाहून हात जोडले ते त्या आकाशात मनुष्याचा स्वार्थ पोहोचलेला नाही या विश्वासाने. आता तेथे कोळशाचा धूर पोहोचला आहे, आणि त्या धुरात लंडनच्या, पिट्सबर्गच्या, ऱ्हूरच्या दीडशे वर्षांच्या भट्ट्या आहेत आणि आपल्या चंद्रपूरच्या, कोराडीच्या, परळीच्या भट्ट्याही आहेत. हात जोडायचे ते कोणाला, आणि जाब विचारायचा तो कोणाला, या दोन गोष्टी एकाच ढगात मिसळल्या आहेत.

कर्मसिद्धान्ताचा आधार घेणारे येथे पुढे येतात आणि म्हणतात की यात नवीन काय आहे, करावे तसे भरावे हेच तर शास्त्र सांगते. मनुष्याने निसर्गाचा अपराध केला, त्याचे फळ मनुष्य भोगतो आहे. हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो आणि त्यातील ‘मनुष्य’ या एका पदाखाली दोन निराळी माणसे झाकतो. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्त मांडला तो दोन आपत्ती टाळण्यासाठी: केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते नष्ट व्हावे ही एक, आणि न केलेल्या कर्माचे फळ अंगावर यावे ही दुसरी. कृतनाश आणि अकृताभ्यागम अशी त्यांची नावे आहेत, आणि हे दोन्ही दोष ज्या जगात संभवतात ते जग नीतीच्या दृष्टीने अराजक होय, अशी त्यांची भूमिका होती. ज्याने जन्मात कधी विमानात पाऊल ठेवले नाही, ज्याच्या घरी एक दुचाकी आणि विजेचे चार दिवे, त्याच्या कांद्यावर तापलेल्या समुद्राचे पाणी पडते. आणि ज्यांच्या सुखासाठी समुद्र तापला त्यांपैकी कित्येक आपले आयुष्य सुखाने संपवून केव्हाच निघून गेले. एकाच व्यवहारात कृतनाशही आहे आणि अकृताभ्यागमही आहे.

यावर पूर्वजन्माकडे बोट दाखवणे शक्य आहे, आणि अनेक जण दाखवतातही. पण आपल्याच मीमांसकांनी घालून दिलेला एक दंडक येथे आड येतो: दृष्ट कारणाने जेथे निर्वाह होतो तेथे अदृष्टाची कल्पना करणे न्याय्य नव्हे. दुःखाचा कर्ता सापडत नव्हता तोवर शेतकऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे ही निदान एक सांत्वना होती. कर्ता सापडत असताना, त्याच्या चिमणीची उंची आणि त्याच्या कोळशाचे वजन दफ्तरात नोंदलेले असताना, तेच दुःख प्रारब्धाच्या खाती घालणे म्हणजे चोराचा माग लागल्यावर चोरी दैवाने केली असे सांगण्यासारखे आहे. धर्माच्या नावाने हे कोणी सांगू लागला तर त्याला धर्माच्याच शास्त्राने रोखले पाहिजे.

येथे १९३४ सालच्या एका वादाची आठवण होते. १५ जानेवारीस बिहारात प्रचंड भूकंप होऊन दहा हजारांवर माणसे मेली, आणि महात्माजींनी हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड आहे असे जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ अस्पृश्यतेचे शत्रूच, पण त्यांना हे विधान सोसले नाही. भौतिक उत्पाताची कारणे भौतिकच असतात, आणि नैतिक दोषाचा त्यांच्याशी सांधा जोडू लागलो तर उद्या सनातन्यांनाही हाच भूकंप अस्पृश्यतानिवारणाचा दंड आहे असे म्हणता येईल, असा त्यांचा आक्षेप होता. महात्माजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला, आणि आपल्याला हे सिद्ध करता येत नाही पण आपली श्रद्धा तशी आहे, असे उत्तर दिले. त्या वादात रवींद्रनाथांचे म्हणणे बरोबर होते, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. परंतु नव्वद वर्षांनी परिस्थितीने एक अनपेक्षित वळण घेतले आहे. मनुष्याचे आचरण आणि आकाशाचे वर्तन यांच्यामध्ये एक दुवा आता खरोखरच आहे, तो भौतिक आहे, मोजता येतो, आणि रवींद्रनाथांच्या कसोटीलाही उतरतो. महात्माजींच्या श्रद्धेत जे नव्हते ते प्रमाण मिळाले. मात्र त्या श्रद्धेत जे होते ते यात नाही. दंडाला अपराधी ओळखता येतो. बाष्पाला येत नाही.

म्हणून धार्मिक माणसापुढे आता दोन मार्ग उरतात असे मला दिसते. एक, विश्वात न्याय आहे या समजुतीवर स्वस्थ बसणे. दुसरा, जो न्याय बाष्प करीत नाही तो आपण करणे. या दुसऱ्या मार्गाचे एक उदाहरण देहूचे आहे. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचे घर बसले, दुकान बसले, पत्नी अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांकडील येण्याची खते बाहेर काढली, निम्मी भावाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ कोणाच्या पापाने पडला याचा निर्णय त्यांनी त्या दिवशी केला की नाही हे परंपरा सांगत नाही; आपल्या वहीतील कोणते येणे यापुढे वसूल करणे अधर्म आहे, एवढा निर्णय त्यांनी केला. अस्मानी संकटाला मराठी माणसाने दिलेले याहून थोर धार्मिक उत्तर मला ठाऊक नाही, आणि हे उत्तर पर्जन्याला उद्देशून दिलेले नसून खातेवहीला उद्देशून दिलेले आहे.

आजची खातेवही जगभर पसरलेली आहे, आणि तीत एक विपरीत गोष्ट घडलेली आहे. पतपेढीच्या दफ्तरात जो शेतकरी थकबाकीदार, तोच आकाशाच्या दफ्तरात सावकार आहे. त्याच्या वाट्याचे आकाश दुसऱ्यांनी वापरले आणि त्याची परतफेड झालेली नाही. २०१५ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी जो करार केला, त्यात हवामानबदलाने होणाऱ्या हानीला स्थान दिले खरे, पण सोबतच्या ठरावात असेही लिहून ठेवले की त्या कलमाच्या आधारे कोणावर दायित्व येणार नाही आणि कोणाला भरपाई मागता येणार नाही. २०२२ साली शर्म अल् शेख येथे हानीसाठी निधी स्थापण्याचे ठरले; तोही देणाऱ्यांच्या इच्छेवर चालणारा. २०२५ च्या २३ जुलैला मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले की हवामानाच्या रक्षणाची जबाबदारी मोडणाऱ्या राष्ट्रावर पूर्ण भरपाईचे दायित्व येऊ शकते. हे केवळ सल्ल्याचे मत आहे, त्याने कोणाच्या दारावर जप्ती जाणार नाही. तथापि दान आणि देणे यांतील भेद एका न्यायासनाने उच्चारला, याचे मोल मी कमी मानीत नाही. आणि हा भेद देशाच्या सीमेवर संपत नाही. दरडोई हिशेबाने भारताचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे हे खरे, पण ती सरासरी ज्यांच्या गरिबीने खाली येते त्यांच्याआड उभे राहून मुंबई-पुण्यातील माझ्यासारख्या सुखवस्तू माणसांनी स्वतःला निर्दोष म्हणवून घेणे हे त्याच जुन्या अपहाराचे छोटे रूप आहे.

पाऊस उघडला की गावोगाव तलाठी पंचनामे करतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, तेवढा नसेल तर निराळे सदर, क्षेत्र किती, नुकसान किती टक्के. आणि कारण म्हणून नैसर्गिक आपत्ती. त्या कागदावर जे मिळते त्याला मदत म्हणतात, आणि घेणारा ती मान खाली घालून घेतो. ज्या वर्षी मे महिन्यात रान वाफशाला आले नाही, त्याच वर्षी जूनमध्ये देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या, आणि थबकलेल्या पावसाची वाट पाहिलेले कित्येक शेतकरी त्यांच्याबरोबर चालले. मुक्कामावर रात्री जो कीर्तनकार उभा राहतो, त्याच्या शब्दाला त्या माणसांच्या ठायी जेवढी प्रतिष्ठा आहे तेवढी कोणत्याही शास्त्रज्ञाच्या किंवा मंत्र्याच्या शब्दाला नाही. त्याने प्रारब्धाचा अध्याय त्या रात्री बाजूस ठेवावा आणि सांगावे, बाबांनो, तुमचा कांदा सडला हे तुमच्या कोणत्याही जन्मीचे पाप नव्हे. जे येईल ते मान वर करून घ्या, आणि जे अजून येणे आहे ते मागा.